इतिहासाचा तास आणि दाव्याची फाईल

शाळा उघडल्या. पहिला पाऊस पडला, राब भाजून झाले, नांगर बाहेर निघाले. अशात पाड्यापाड्यांवर आपल्या बैठका चालू आहेत. मागच्या एका बैठकीत एका भावाने उभं राहून विचारलं, "संघटना सांगते पोरांना शाळेत पाठवा. पाठवतो. पण माझा पोरगा इतिहासात पास झाला काय अन् नापास झाला काय, काय फरक पडतो? गणित आलं तर दुकानात फसणार नाय. इंग्रजी आलं तर कंपनीत लागेल. इतिहास अन् नागरिकशास्त्र शिकून कोणाला भाकर मिळाली?"

बैठकीत बरेच जण हसले. काहींनी मान डोलावली. खरं सांगायचं तर आमच्यातल्याही काहींना मनातून तसंच वाटत होतं. त्या दिवशी आम्ही त्याला नीट उत्तर दिलं नाही. दाव्यांचं काम होतं, वेळ नव्हता. पण तो प्रश्न सोडून देण्यासारखा नाही. म्हणून या अंकात उत्तर लिहितो आहोत.

आमचं म्हणणं थोडक्यात असं : शाळेत सगळ्यांत कमी किंमत ज्या विषयाला, तोच विषय आज आपल्या जमिनीच्या फाईलमध्ये विचारला जातोय. फाईल दोन गोष्टी विचारते. तुम्ही इथं कधीपासून? हा झाला इतिहास. आणि हे ठरवणार कोण? हे झालं नागरिकशास्त्र. या दोन प्रश्नांची उत्तरं आपल्याला देता आली नाहीत, तर दुसरं कोणीतरी आपल्या वतीने देतं. आजपर्यंत तेच झालं.

एका पाड्यावरची गोष्ट

वनहक्काचा कायदा २००६ साली झाला. नियम १ जानेवारी २००८ ला आले. तेव्हापासून आपण दावे भरतोय. एका पाड्यावर वनहक्क समिती दावे तपासत होती. लिहिणारं कोणी नव्हतं म्हणून नुकत्याच दहावी झालेल्या एका पोराला बसवलं. नियम १३ मध्ये पुरावे कोणते चालतात त्याची यादी आहे. त्यात वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाबही आहे. फक्त तो माणूस स्वतः दावेदार नको, दुसरा हवा. म्हणून शेजारच्या घरचे आजोबा जबाब द्यायला आले.

पोराने विचारलं, "आजा, यांच्या बापाने हा प्लॉट कोणत्या साली फोडला?"

आजा म्हणाले, "साल मला ठावं नाय."

पोराने कागदावर लिहिलं : साल माहीत नाही. आणि पुढच्या रकान्याकडे वळला.

तिथं कोपऱ्यात एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "ठावं कसं नाय? नवा पैसा आला ना, त्या साली. लोक बाजारात भांडत होते, आण्याचे किती पैसे म्हणून." आजांना लगेच आठवलं. हो, त्याच साली. त्याआधी तिथं नुसता माळ होता, गवत काढायचे. म्हातारी उठून घरात गेली आणि डब्यातून एक काळं पडलेलं नाणं घेऊन आली. पोराने ते मातीवर घासलं. त्याच्यावर 'नया पैसा' आणि खाली १९५७ असं होतं.

पोरगा जरा वेळ गप्प बसला. मग त्याने आधीची ओळ खोडली आणि सगळं नीट लिहून काढलं. त्यानंतर त्याला युक्ती सापडली. पुढच्या प्रत्येक म्हाताऱ्याला तो साल विचारेना. तो विचारायचा, "गांधीबाबाला मारलं तेव्हा तुम्ही केवढे होता? उंबरगाव गुजरातेत गेलं त्याच्या आधी की नंतर? मोठ्या दुष्काळात, बहात्तर साली, या प्लॉटात काय पेरलं होतं? इंदिराबाईची आणीबाणी आठवते का?" म्हातारे धडाधड सांगायला लागले. १९४८, १९६०, १९७२, १९७५ ही सालं त्या पोराने परीक्षेसाठी पाठ केली होती आणि परीक्षा झाल्यावर विसरायची म्हणून ठेवली होती. आता प्रत्येक सालाला त्याच्याच पाड्यावरची एक गोष्ट येऊन चिकटली.

आमच्या जुन्या माणसांना इतिहास येत नाही, ही समजूतच खोटी आहे. त्यांना इतिहास येतो, आकडा येत नाही. पोरांना आकडा येतो, पण तो कशाचा आहे ते ठाऊक नसतं. दोघं एका चटईवर बसले की जबाब तयार होतो. नवा पैसा सुरू झाला ती तारीख होती १ एप्रिल १९५७. कूळकायद्यात कसणाऱ्याला मालक करण्यासाठी ठरवलेला दिवसही तोच, १ एप्रिल १९५७. म्हणजे ज्या दिवशी कायद्याने कूळ मालक व्हायचं होतं, त्याच साली आपला एक माणूस सावकाराच्या शेतावरून उठून माळ फोडायला गेला. का गेला? त्याचं नाव कुळाच्या कागदावर का लागलं नाही? हे कोणत्याही पुस्तकात नाही. पण विचारायची अक्कल आली तर आपल्याच ओटीवर त्याचं उत्तर मिळतं.

आणखी एक. त्या पाड्यावर बऱ्याच घरांत फॉरेस्टच्या दंडाच्या पावत्या निघाल्या. कोणी पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या, कोणी देवाच्या टोपलीत. ज्या गार्डने बापाला 'चोर' म्हणून दंड केला, त्यानेच तारीख घालून, सही करून लिहून दिलं की हा माणूस अमुक साली इथं शेती करत होता. दंड भरताना बापाने शिव्या दिल्या असतील. पण पावती जपून ठेवली. लिहिता येत नसलेल्या माणसाने कागद जपला, म्हणून आज लेकराचा दावा उभा आहे. इतिहासाचं साधन म्हणतात ते हेच. पुस्तकात ताम्रपट, शिलालेख आणि नाणी असतात. आपल्याकडे पावती, वाघदेवाचा खांब, जुनी विहीर, मसणवट आणि म्हातारीचं नाणं आहे. नियम १३ मध्ये घर, विहीर, मसणवट, देवाची जागा हे सगळं पुरावा म्हणून धरलेलं आहे.

पुस्तकात काय आहे, काय नाही

आता पोरांच्या पुस्तकाकडे येऊ. आम्ही पुस्तक फेकून द्या म्हणत नाही. चौथीला पोरं शिवाजी महाराज शिकतात, ते शिकावं. राजाच्या आज्ञेने रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावायचा नाही, हे आपल्या पोरांना कळलं तर गार्ड कोंबडी मागायला आला की त्यांना ते आठवेल. फुले, शाहू, आंबेडकर शिकावे. मोठ्या इयत्तेत गांधी, मीठ, १९४२ शिकावं. पण प्रत्येक पानाशी एक प्रश्न विचारायला शिकावं : तेव्हा आपण कुठं होतो?

पुस्तकात लिहिलंय, १८५३ साली मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी धावली. पोरं ते पाठ करतात. रूळ कशावर ठेवले? लाकडाच्या स्लीपरांवर. रेल्वे वाढली तसं जंगल तुटलं आणि लाकूड कमी पडेल या भीतीने इंग्रजाने १८६४ साली जंगल खातं काढलं. १८६५ साली पहिला जंगल कायदा केला. १८७८ साली दुसरा, त्याहून कडक. १९२७ साली तिसरा, तो आजही लागू आहे. म्हणजे जंगल वाचवायला म्हणून खातं आलं, ही अर्धी गोष्ट. लाकडावर सरकारचा ताबा बसवायला ते आलं, ही उरलेली अर्धी.

१९२७ च्या कायद्यात जंगल राखीव कसं करायचं ते लिहिलंय. सरकार जाहीर करतं की अमुक जंगल राखीव करायचं आहे. मग गावात पुकारा करून कमीत कमी तीन महिन्यांची मुदत देतात. ज्याचा हक्क असेल त्याने तेवढ्यात सांगायचं. ज्याने सांगितलं नाही, त्याचा हक्क संपला. आता विचार करा. ज्या माणसाला अक्षर माहीत नाही, जो वेठीवर आहे, ज्याला कचेरी कुठल्या दिशेला हेही ठाऊक नाही, त्याने तीन महिन्यांत हक्क सांगायचा. त्याने सांगितला नाही. झाला तो अतिक्रमणदार. पाडा तिथंच होता, राब तिथंच होता. बदलला तो फक्त कागद.

म्हणून 'अतिक्रमण' या शब्दाचं उत्तर इतिहासात आहे. कोण कोणाच्या जागेत शिरलं, हे साल लावून सांगता आलं पाहिजे. आणि हे आम्हीच म्हणतो असं नाही. वनहक्क कायद्याच्या अगदी सुरुवातीलाच सरकारने कबूल केलंय की इंग्रजांच्या काळात आणि स्वातंत्र्यानंतरही वननिवासींचे हक्क नोंदले गेले नाहीत आणि त्यामुळे त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला. ऐतिहासिक हा शब्द कायद्यातच आहे. मग इतिहास शिकून काय फायदा, असं विचारणाऱ्या भावाला आम्ही सांगू, तुझा प्लॉट ज्या कायद्यावर उभा आहे, त्या कायद्याच्या पायातच इतिहास घातलेला आहे.

पुस्तकात १८५७ असतं. त्याच्या नऊ वर्षं आधी, २ मे १८४८ रोजी, महादेव कोळी राघोजी भांगऱ्याला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. ठाण्याच्या कचेरीत दाव्यासाठी आपण किती वेळा गेलो? किती जणांना ठाऊक होतं की राघोजीला याच गावात मारलं? पुस्तकात १९३० चा मिठाचा सत्याग्रह असतो. त्याच वर्षी जंगल सत्याग्रह झाला. २५ सप्टेंबर १९३० ला आजच्या रायगड जिल्ह्यातल्या चिरनेरला पोलिसांनी गोळ्या घातल्या. मेलेल्यांत नाग्या महादू कातकरी होता. कातकऱ्याला आजही गावात कोण चोर म्हणतं, कोण आळशी म्हणतं. कातकरी पोराने वर्गात उभं राहून नाग्याचं नाव घेतलं तर त्याच्या पाठीचा कणा किती ताठ होईल!

आणि १९४५ आपल्या इतकं जवळ आहे की ते पाहिलेली माणसं आत्ताआत्तापर्यंत आपल्यात होती. डहाणू, उंबरगावच्या वारल्यांनी वेठ नाकारली. लग्नाच्या कर्जापायी नवराबायको दोघं सावकाराच्या घरी जन्मभर राबायचे, त्यांना लग्नगडी म्हणायचे. ती गुलामी मोडली. गोदावरीबाई आणि शामराव परुळेकर बरोबर होते, लाल बावटा होता. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड शहीद झाला. याच भागातल्या शाळांत, याच माणसांच्या नातवंडांना, पुस्तकात याची ओळ शोधावी लागते. पोरगं घरी येऊन दुसऱ्या देशातल्या क्रांतीची कारणं पाठ करायचं आणि घरातला आजा त्याच्या शेजारी विडी ओढत बसलेला असायचा, ज्याने वेठ स्वतः केली आणि स्वतः मोडली. कोणी त्याला विचारलं नाही. तोही सांगायचा नाही, कारण त्याला वाटायचं शाळेतलं ते खरं, आपलं ते असंच.

पुस्तकाच्या शेवटी शिवलेलं नागरिकशास्त्र

नागरिकशास्त्राची गत आणखी वाईट. इतिहासाचं पुस्तक संपलं की मागे थोडी पानं शिवलेली असतात, ते नागरिकशास्त्र. मार्क थोडे, म्हणून तास थोडे. आणि आपल्याकडची अडचण वेगळीच. दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्टीवर जातो. वसई, भिवंडीकडे भट्ट्या लागतात. पोरं आईबापाबरोबर जातात. म्हणजे पुस्तकाचा मागचा भाग आपल्या पोरांनी कधी उघडलेलाच नसतो. आपला देश कसा चालतो हे शिकायची वेळ येते, तेव्हा आपला देशाचा नागरिक विटा थापत असतो.

जे शिकवतात तेही असं शिकवतात की जणू दुसऱ्या कोणाचं सरकार आहे. राज्यपाल कोण? राज्याचा प्रमुख, पण नावापुरता, खरा कारभार मंत्रिमंडळाचा. एक मार्क मिळाला. पण आपण राहतो तो अनुसूचित क्षेत्र आहे. घटनेची पाचवी अनुसूची इथं लागू आहे. तिच्यात लिहिलंय की राज्यपाल एखादा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू नाही, किंवा अमुक बदल करून लागू आहे, असं जाहीर करू शकतो. आदिवासींच्या जमिनी दुसऱ्याच्या हातात जाऊ नयेत म्हणून नियमही करू शकतो. म्हणजे सगळ्या महाराष्ट्राला जो राज्यपाल नावापुरता, त्याच्या हातात आपल्यासाठी मोठा अधिकार आहे. तो फार काळ वापरला गेला नाही ही वेगळी गोष्ट. पण आपल्या पोरांनी निदान मागणी कोणाकडे करायची हे तरी शिकावं की नाही?

ही अनुसूची आकाशातून पडली नाही. घटना समितीत जयपालसिंग मुंडा होते. १९२८ च्या ऑलिंपिकात सोनं जिंकणाऱ्या हिंदुस्थानच्या हॉकी संघाचे कप्तान. घटना समितीत उभं राहून त्यांनी सांगितलं की आदिवासींना लोकशाही शिकवायची गरज नाही, उलट तुम्हीच ती त्यांच्याकडून शिकायला हवी. पोरांना क्रिकेटवाल्यांची नावं तोंडपाठ आहेत. हेही एक नाव ठाऊक असू द्या.

मग ग्रामसभा. पुस्तकात ग्रामसभा म्हणजे गावातल्या मतदारांची सभा. पोरांनी ग्रामसभा पाहिलेली असते ती कशी? पाड्यापासून लांब ग्रामपंचायतीच्या कचेरीत, १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की शिपाई वही घेऊन फिरतो, लोक सही-अंगठा करतात, ग्रामसेवक नंतर घरी बसून ठराव लिहितो. पण १९९६ चा पेसा कायदा सांगतो की अनुसूचित क्षेत्रात गाव म्हणजे आपल्या रीतीने कारभार चालवणारी वस्ती, पाडा, किंवा पाड्यांचा समूह. त्या पाड्याची सभा ती ग्रामसभा. वनहक्काचा दावाही तिच्यासमोरच सुरू होतो. दावे मागवायला तीन महिन्यांची मुदत आहे, १९२७ सारखीच, पण एक मोठा फरक आहे. या वेळी गरज वाटली तर कारण लिहून मुदत वाढवण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. तेव्हा मुदत इंग्रजाच्या हातात होती, आता आपल्या हातात आहे. ज्याला दोन्ही कायदे ठाऊक आहेत, त्यालाच हा फरक दिसतो. बाकीचे "मुदत संपली" असं कोणी म्हटलं की घरी परत येतात.

असेच परत आलेले लोक आम्ही पाहिले. एका कचेरीत आपल्या माणसांना सांगितलं, पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा आणा. लोक रडकुंडीला आले. कुठून आणायचा? शेवटी बरोबर गेलेल्या एका अकरावीतल्या मुलीने कायद्याचं मराठी पुस्तक काढलं आणि साहेबांना वाचून दाखवलं की तीन पिढ्यांची म्हणजे पंच्याहत्तर वर्षांची अट इतर पारंपरिक वननिवासींना आहे. अनुसूचित जमातीच्या माणसाचा ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा असला की पुरे. साहेबांनी पुस्तक हातात घेतलं, पाहिलं, आणि "बरं, ठेवा अर्ज" म्हणाले. त्या मुलीला नागरिकशास्त्रात किती मार्क होते आम्ही विचारलं नाही. पण ज्याला नागरिक म्हणतात ती त्या दिवशी आम्ही डोळ्यांनी पाहिली.

"शाळा आपल्याला परकं करते"

आता दुसरा आक्षेप. हा आमच्याच काही जुन्या कार्यकर्त्यांचा आहे. ते म्हणतात, शाळाच आपली नाही. तिथं आपली बोली चालत नाही, आपला हिरवा देव, कणसरी चालत नाही. पोरगं शिकलं की त्याला पाड्याची लाज वाटते, नाव बदलतं, तारप्यावर नाचत नाही. अशा शाळेत इतिहास वाढवून काय होणार? उलट परकेपण वाढेल.

यात खोटं काही नाही. आम्हीही ते पाहिलंय. पण शाळेतून पोर काढून घेतलं तर ते भट्टीवर जातं किंवा गुरांमागे जातं. तिथं त्याला कणसरीची कथा कोणी सांगत नाही. लाज वाटते ती शाळेमुळे नाही, शाळेत आपण नसल्यामुळे वाटते. ज्या पुस्तकात आपलं नाव नाही, तिथं पोरगं दुसऱ्याच्या नावाने उभं राहायला शिकतं. म्हणून त्या पुस्तकात आणि त्या वर्गात आपण शिरलं पाहिजे.

मास्तरांविषयीही बोलू. मास्तर वाईट असतो असं सरसकट म्हणणं सोपं आहे. काही मास्तर येतच नाहीत, हे खरं. पण काही मन लावून शिकवतात. त्यांच्या गळ्यात जनगणना, निवडणूक, खिचडीचा हिशोब, सगळं अडकवलेलं असतं. ते बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले, त्यांना जेठ्या गांगड कोण हे कोणी सांगितलेलंच नाही. आपण त्यांना कधी पाड्यावर बोलावून सांगितलं का? मास्तरशी भांडायला जाणारे आपण बरेच, त्याला गोष्ट सांगायला जाणारे कोणी नाही.

आपल्याही पोटात बघू

दुसऱ्याच्या पुस्तकाला नावं ठेवताना आपल्या तोंडच्या इतिहासाकडेही पाहायला हवं. आमच्या मोर्चात शहिदांची नावं घेतली जातात, ती बहुतेक बाप्यांची. वेठीत बाया नव्हत्या का? लग्नगडी नवराबायको दोघं होती, आणि सावकाराच्या वाड्यात बाईवर जे झालं ते कोणी बोलत नाही. दाव्याच्या पाटीवर नवराबायको दोघांचं नाव हवं, असं कायदा म्हणतो. समितीत एक तृतीयांश बाया हव्यात. आपल्या किती पाड्यांवर ह्या बाया बोलतात, आणि किती ठिकाणी नुसता अंगठा देतात? हे आपलं नागरिकशास्त्र आहे आणि त्यात आपण अजून कच्चे आहोत.

शिवाय आपल्यातलेच काही सावकाराचे मुकादम झाले, काही ठेकेदाराला झाडं दाखवायला गेले. तेही पोरांना सांगितलं पाहिजे. आपण नेहमी चांगलेच होतो असा इतिहास सांगितला तर पोरगं एक दिवस खरं ऐकेल आणि बाकीचंही खोटं मानेल.

आणि एक गोष्ट ठणकावून सांगतो. जबाबात खोटं साल लिहू नका. दोन एकराचे चार करू नका. परवा फोडलेला प्लॉट आज्याच्या नावावर घालू नका. एका खोट्या दाव्यामुळे शंभर खऱ्यांवर संशय येतो. ज्यांना आपलं काही मान्यच करायचं नाही, ते अशीच एक फाईल शोधत असतात.

आता काय करायचं

नुसतं लिहून भागत नाही. पुढच्या महिन्यात प्रत्येक पाड्याच्या बैठकीत हे विषय घ्यावेत, असं आम्ही सुचवतो.

१. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बाया हव्यात. ही समिती मास्तर आणि पुढाऱ्याने घरी बसून लिहायची नाही. पालकांनी सभेत निवडायची. भट्टीवर जाणाऱ्या घरांचे पालक तिच्यात असलेच पाहिजेत.

२. महिन्यातून एकदा इतिहासाच्या तासाला पाड्यावरचे एक आजा किंवा आजी शाळेत जातील. आपल्या बोलीत बोलतील. मास्तरांना आधी विचारावं, मानाने विचारावं.

३. सातवीच्या वरच्या प्रत्येक मुलाने एक वही करावी. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहावं : पाडा कधी बसला, विहीर कोणी खणली, कोणत्या साली कोणी हाकललं, दंड किती, वेठ कोणाकडे, बाजारभाव काय. ही वही मार्कांसाठी नाही. पुढे सामूहिक वनहक्काचा दावा टाकताना कोणतं जंगल, कोणता रस्ता, कोणती मसणवट, कोणता देव हे सगळं लागणार आहे. गडचिरोलीच्या लेखा-मेंढा गावाला २००९ साली सामूहिक हक्क मिळाला. ते गाव आपल्या जंगलाचा आणि आपल्या सभेचा अभ्यास वर्षानुवर्षं करत आलं होतं.

४. दंडाच्या पावत्या आणि जुने कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावेत. पावसात भिजू देऊ नयेत, आणि कोणालाही मूळ कागद देऊ नये. झेरॉक्स द्यावी.

५. पाड्याच्या ग्रामसभेचं इतिवृत्त शिकलेल्या मुलीने लिहावं आणि उठण्याआधी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं. वाचल्याशिवाय कोणी सही-अंगठा करू नये.

६. ज्या पाड्यावर "जमीन फॉरेस्टची आहे" म्हणून शाळेला खोली बांधू देत नाहीत, तिथं वनहक्क कायद्याचं कलम ३(२) दाखवावं. शाळा, अंगणवाडी, पिण्याचं पाणी अशा कामांसाठी एक हेक्टरच्या आत जंगल जमीन देता येते, हेक्टरी पंच्याहत्तरपेक्षा जास्त झाडं तुटायला नकोत आणि ग्रामसभेची शिफारस लागते. म्हणजे शाळेच्या भिंतीचा पहिला दगडही आपली ग्रामसभाच ठेवू शकते.

त्या भावाला आता उत्तर देतो. दादा, इतिहास शिकून भाकर मिळत नाही, हे तुझं म्हणणं आम्ही ऐकलं. पण तुझ्या बापाची भाकर ज्या मातीतून निघायची ती माती त्याच्या हातून गेली, तेव्हा त्याला कोणी विचारलं होतं, तू इथं कधीपासून? त्याला उत्तर ठाऊक होतं, पण ते लिहायला कोणी नव्हतं, आणि विचारणारा कोण आहे, त्याला तसं विचारायचा अधिकार आहे का, हे त्याला ठाऊक नव्हतं. तुझ्या पोराला दोन्ही ठाऊक असावं, एवढंच आमचं मागणं आहे. तो कंपनीत लागला तरी हरकत नाही. गणित, इंग्रजी जरूर शिकू दे. पण दिवाळीला भट्टीवर जाताना त्याच्या पिशवीत ते मागची पानं असलेलं पुस्तकही टाक. आणि एखाद्या रात्री भट्टीवर शेकत बसलात की त्याला तुझ्या बापाची गोष्ट सांग. साल तो लावेल.

जिंदाबाद!